दोरा कापणारं बटण

मलकापुरात राजनंदिनीताईंच्या शिलाईच्या दुकानात मी शिवून झालेल्या ब्लाऊजचे लोंबते दोरे कापायची. मग नवं मशीन आलं, बटण दाबलं की आपोआप दोरा कापणारं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना ताई म्हणाल्या, "मनू, तुझं काम आता बटण करतंय. तू घरी बस." बायका हसल्या. मी तवाच मनाशी खूणगाठ बांधली.

संक्रांतीला ताईंनी त्याच बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. मला बोलावणं न्हवतं. पण हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला कुणी दारातनं परत धाडत न्हाई. पर्समधी कात्री टाकली अन् गेले.

मला कुंकू लावायला ताईंनी हात वर केला, तर काळ्या बाहीतनं दोऱ्याची शेपटी गोऱ्या दंडावर लोंबत होती. मशीन दोरा कापतंय खरं, पण खालच्या अंगाला बोटभर ठेवतंय. मी त्यांचा हात धरला अन् सगळ्यांदेखत कात्रीनं ती शेपटी उडवली. मग दुसऱ्या बाहीची. एकीनं आपली बाही उलटून बघितली, शेजारणीनं आपली. जरा वेळानं सगळ्याच बाह्या उलटून बसल्या होत्या, अन् हसत कुणीच न्हवतं.

निघताना ताईंनी दाराशी वाण दिलं अन् हळूच म्हणाल्या, "उद्यापासनं दुकानात ये गं."

मी वाण पदरात घेतलं. आतल्या बायकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, "मी कशाला, ताई? बटण दाबा की."