टाकीखालची माणसं मोजताना

मी एक जुना टकटक्या आहे, मित्रांनो. लोखंडी आहे आणि स्वभावाने संशयी आहे, हेही आधीच सांगितलेलं बरं. टकटक्या म्हणजे हातात धरून माणसं मोजायचं यंत्र. मुठीत मावेन एवढाच माझा जीव. वर अंगठ्यासाठी एक बटण, पुढे एक इवलीशी खिडकी आणि त्या खिडकीत चार आकडे. बटण दाबलं की टक् होतं आणि आकडा एकाने वाढतो. बस्स, मला एवढंच येतं. पण एवढ्याशा टक्‌पायी कुणाचं काय काय होतं, ते ऐकाल तर तुम्हीही माझ्यासारखे संशयी व्हाल.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा एका चष्मेवाल्या कारागिराने मला कानाशी धरून शंभर वेळा दाबलं. खिडकीत बरोबर शंभर आले, तेव्हाच त्याने मला डबीत ठेवलं. हा खोटं बोलणार नाही, असं तो शेजारच्याला म्हणाला. मला काय धन्य वाटलं! पण त्या भल्या माणसाने एक गोष्ट सांगितलीच नाही. टकटक्या खोटं बोलत नाही, पण अंगठा बोलतो.

ते मला लवकरच कळलं. शहराच्या वाहतूक नियोजन कार्यालयाने मला विकत घेतलं. कुठल्या बसला किती माणसं चढतात, कुठल्या रस्त्यावरून किती गाड्या जातात, हे मोजायचं आणि त्यावरून पुढचे बेत ठरवायचे, असं तिथलं काम. माझा पहिला मोजणीदार एक नंबरचा आळशी होता. सावलीत बसून चहा प्यायचा आणि उठता उठता मला पन्नास-साठ वेळा दाबून टाकायचा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं आणि माझ्या खिडकीत साठ माणसं! तेव्हा मी कानाला खडा लावला. कुणाचाही अंगठा बटणावर आला की मी आधी मनात विचारतो, बाबा रे, समोर खरंच कुणी आहे ना?

पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम एका खऱ्या अंगठ्यानेच करून घेतलं. गिरणीच्या रस्त्यावर मला नेलं होतं. दिवसभरात चार हजार तीनशे बारा गाड्या मोजल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. लोकांनी विचारलं तर सिग्नल बसवायचा आहे म्हणून मोजतोय, असं उत्तर मिळायचं. कार्यालयात माझं कौतुक झालं. किती नेमका आहे हो, असं साहेब म्हणाले. मी फुगलो. दोन महिन्यांनी कळलं की माझा आकडा जिना चढून वरच्या मजल्यावर, रस्ते विभागात गेला होता. तिथे त्यांनी रस्ता रुंद करायचं ठरवलं. गिरणीच्या रस्त्यावरच्या भिंतींवर लाल खुणा आल्या आणि निम्मी घरं पाडली गेली. सिग्नल काही बसला नाही. मी खोटं बोललो नव्हतो, तरी मला स्वतःचीच लाज वाटली. आजही वाटते.

त्यानंतर काही वर्षांनी मी मोजणीताईच्या हाती आलो. ती कंत्राटावर लागलेली मोजणीदार होती. मी तिच्यावरही आधी संशयच घेतला. पण तिची एक पद्धत होती. माणसाचा पाय बसच्या पायरीवर पडल्याशिवाय ती मला दाबायची नाही. कुणी पाय ठेवून मागे फिरला तर ती वहीत तशी नोंद करायची. हळूहळू मी तिच्या अंगठ्यावर विश्वास ठेवू लागलो. म्हणजे, जवळजवळ.

त्या वर्षी नियोजन साहेबांनी सगळ्या बसमार्गांची नव्याने आखणी करायला घेतली. त्यांनी एक नियम केला. शेवटच्या थांब्यावर सकाळी सहा ते बारा या वेळात सरासरी साठ माणसं चढली नाहीत, तर बस तिथवर जाणार नाही, अलीकडूनच परत फिरेल. बावीस नंबरच्या बसचा शेवटचा थांबा पाण्याच्या टाकीखाली होता, चढावर. त्याच्या अलीकडचा थांबा खाली बाजारात. मोजणीताईला टाकीखालचं काम मिळालं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.

सोमवारी आम्ही सहालाच तिथे हजर झालो. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. मला लगेच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. बाकाची फळी बसून बसून गुळगुळीत झाली होती. कठड्याचा रंग पाठी टेकून उडाला होता. जमीन इतकी तुडवलेली की गवताची काडी नाही. मग इथे रोज उभी राहणारी माणसं गेली कुठे? सातची बस आली, दोन जण चढले. ड्रायव्हरनेही खाली वाकून विचारलं की आज मंडळी कुठे गेली. मोजणीताईने चार जणांना विचारून पाहिलं, पण सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. बारा वाजता माझ्या खिडकीत आकडा होता अकरा.

परतताना बाजारात बस थांबली तर तिथे ही झुंबड! आणि त्यातले कितीतरी जण घामाघूम. मोजणीताईने ते वहीत टिपून घेतलं. बुधवारी ती सहाच्याही आधी आली आणि थांब्यावर न जाता मागच्या पायऱ्यांच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. तिथून टाकीखालची सगळी वस्ती गुपचूप खाली बाजाराकडे चालली होती. सगळ्यात मागे इस्त्रीवाल्या मावशी होत्या आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांचे यजमान. काकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस त्यांना इस्पितळात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. दर दहा-बारा पायऱ्यांनी ते खाली बसत होते.

मोजणीताईने मावशींना विचारलं, दारात बस उभी राहते, मग यांना असं का चालवता? मावशी आधी ताकास तूर लागू देईनात. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या थांबल्या.

"हे असलंच यंत्र घेऊन माणूस उभा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीच्या दारात. गिरणीच्या रस्त्यावर."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडून सांगितलं असतं की असलंच नव्हे मावशी, मीच तो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या लोकांनी ठरवलं होतं की वस्तीत गर्दी दिसूच द्यायची नाही. गर्दी दिसली की रस्ता रुंद होणार आणि घरं जाणार. मावशींचं घर तर रस्त्याला अगदी लागून, त्यांची इस्त्रीची टपरीही तिथेच.

मोजणीताईने सगळं खरं सांगितलं. ही मोजणी रस्त्याची नाही, बसची आहे. आकडा कमी आला तर बस बाजारातूनच फिरेल. मग काकांना जाताना एक वेळ उतरता येईल, पण रक्त शुद्ध करून अंगात त्राण नसताना वर कसं चढणार? मावशींचा चेहरा उतरला. पण त्या मानेनात. बहिणीलाही सिग्नलचं सांगितलं होतं, तोंडी काही नको, लिहून द्या, असं त्या म्हणाल्या आणि काकांना घेऊन पायऱ्या उतरू लागल्या.

मोजणीताई थांब्यावर येऊन बाकावर बसली. त्या सकाळी नऊ माणसं चढली. बारा वाजता तिचा अंगठा माझ्या बटणावर आला. समोर कुणी नव्हतं. मी गारच पडलो. हीसुद्धा? दीडशे-पावणेदोनशे टक् मारले असते तर बस वाचली असती, हे मलाही कळत होतं. अंगठा बराच वेळ तसाच राहिला. मग तिने मला पिशवीत टाकलं आणि वहीतला कागद काढून लिहायला घेतलं.

तिने लिहिलं की ही मोजणी फक्त बावीस नंबरच्या बससाठी आहे, आणि हा आकडा दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा असेल तर आधी टाकीखालच्या लोकांना विचारावं लागेल. दुपारी ती शिक्का मागायला साहेबांकडे गेली. साहेब आधी हसले. मग म्हणाले की असलं वचन देणं त्यांच्या हातात नाही. आकडा एकदा फायलीत गेला की वरच्या मजल्यावर त्याचं काय होतं, ते त्यांनाही ठाऊक नसतं. खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं. शिक्का दिला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने तो कागद थांब्याच्या खांबाला चिकटवला. वस्तीतली माणसं लांबूनच पाहत होती. मावशी पुढे आल्या, कागद वाचला, उलटा करून पाहिला.

"शिक्का कुठाय?"

"नाही मिळाला. खाली सही माझी आहे."

मावशींनी सहीवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, संपलं सगळं. पण त्या म्हणाल्या, "फसवायचंच असतं तर शिक्का मारूनच आणला असतास, बाई." मग त्यांनी मागे वळून काकांना हात दिला. बस आली. काकांचा पाय पायरीवर पडला. टक्. मावशींचा पडला. टक्. ते पाहून मागच्या गल्लीकडे निघालेली माणसं एकेक करून परत फिरली. त्या दिवशी माझ्या खिडकीत एकशे एक्कावन्न आले, आणि त्यातला एकही खोटा नव्हता.

तुम्हाला वाटेल, झालं, बस वाचली. मलाही वाटलं होतं. पण साहेबांनी तिन्ही दिवसांची बेरीज केली, तिनाने भागलं आणि सत्तावन्न काढले. तिन्ही दिवसांत मिळून नऊ माणसं कमी पडली. सोमवारी थांब्यावर सूचना लागली की पुढच्या महिन्यापासून बस बाजारातूनच परत फिरेल. आणि त्याच सोमवारी वरच्या मजल्यावरून शिपाई खाली आला. रस्ते विभागाला टाकीखालचा आकडा हवा होता. सत्तावन्न नको, शुक्रवारचे एकशे एक्कावन्नच द्या म्हणे! बघा मित्रांनो, तीच माणसं. खालच्या टेबलावर थोडी ठरली आणि वरच्या टेबलावर फार. माझ्या संशयाला उगाच नावं ठेवू नका.

मोजणीताईने खांबावरचा कागद काढून आणला होता, तो तिने फायलीत सगळ्यात वर टाचला आणि मगच फाईल दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीवाल्या मावशी आल्या होत्या आणि त्यांच्या मागे टाकीखालची वस्ती. साहेब नियम सांगू लागले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिले दोन दिवस आम्ही लपलो, ती आमची चूक," त्या म्हणाल्या. "पण माणसं का लपतात, हे विचारावंसं तुमच्यापैकी एकाला तरी वाटलं का? नऊ कमी पडली ना? आणलीत. मोजून घ्या."

मोजणीताईने कुणाला न विचारता मला पिशवीतून काढलं आणि ती दाराशी उभी राहिली. एकेक माणूस उंबरा ओलांडून आत आला आणि मी टक् टक् करत गेलो. बेचाळीस झाले. मग मावशी म्हणाल्या, थांबा, अजून एक यायचाय. जिन्यात काका होते. पाच पायऱ्या चढायचे आणि कठडा धरून उभे राहायचे. कुणीही हात द्यायला गेलं नाही, मावशींनी तसं बजावलं होतं. साहेब खुर्चीवरून उठून दारात आले. तो एक मजला चढायला काकांना खूप वेळ लागला. बाजारापासून टाकीपर्यंत असे सात जिने होतात, एवढंच मावशींनी सांगितलं. काकांचा पाय उंबऱ्याच्या आत पडला. टक्. त्रेचाळीस.

साहेबांनी फेरमोजणीचा हुकूम तिथेच लिहिला. ती नव्या, बॅटरीवरच्या यंत्राने झाली. आकडा भरपूर आला, आणि बावीस नंबर आजही टाकीखालपर्यंत जाते. रस्ते विभागाची फाईल त्या कागदापाशी अडली आहे. अजून तरी कुणी विचारायला आलेलं नाही आणि भिंतींवर लाल खुणाही नाहीत. अजून तरी, असंच मी म्हणेन. मोजणीताईचं कंत्राट मात्र वर्षअखेरीला पुढे चालू झालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे.

आता थांब्यांवर कॅमेरे मोजतात, आणि मी कार्यालयातल्या एका खणात जुन्या टाचण्यांच्या सोबतीला पडून आहे. कॅमेऱ्यांच्या खरेपणाबद्दल मी काही बोलत नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्हाला कुणी मोजायला आलं तर लपू नका. ताठ उभे राहा आणि विचारा, आमचा आकडा कुणाच्या टेबलावर जाणार? उत्तर लिहून घ्या. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन मोजणारे झालात, तर तुमच्या आकड्याखाली स्वतःची सही करायला घाबरू नका.

आणखी एक विनंती आहे. काम संपलं की बाजूची घुंडी फिरवून मला शून्यावर आणायचं, असा नियम आहे. मोजणीताईने तो कधी मोडला नाही. फक्त त्या जिन्याच्या दिवशी, माझ्या शेवटच्या मोजणीनंतर, तिने मला तसाच खणात ठेवला. माझ्या खिडकीत अजून त्रेचाळीस आहेत. कधी तो खण उघडलात तर घुंडीला हात लावू नका. शेवटच्या माणसाला वर यायला फार वेळ लागला होता.