बाणाच्या उलट

आमच्या गावच्या रानातली गोल वाट सगळे एकाच दिशेने चालतात. आधी पडक्या चर्चचे अवशेष, मग घळ, मग खानावळ. पिवळे बाण तसं सांगतात, आणि बाणाचं ऐकायचं हे आम्हा जर्मनांना बाळकडूतच मिळतं.

माझा नवरा एव्हाल्ड आणि धाकटा दीर हार्टमुट, दोघेही दर रविवारी ही वाट चालतात. एकमेकांशी बोलत मात्र नाहीत. त्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये बाक ठेवायचा तो वेदीकडे तोंड करून की दरीकडे, यावरून सख्खे भाऊ तुटले. बाक काही कुणी ठेवला नाही. एव्हाल्ड मला घेऊन सकाळी निघतो, हार्टमुट त्याच्यानंतर थोड्या वेळाने. दिशा एक, चाल एक, त्यामुळे भेट होण्याचा धोका नाही.

येत्या शनिवारी सासूबाई नव्वदीच्या होतात. "दोघं एका टेबलाशी बसले नाहीत, तर मी केक कापणार नाही," असं त्यांनी बजावलं. पोटच्या पोरांना नाही, मला! सून कशासाठी असते म्हणा. पण गेल्या वाढदिवसाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं होतं. ते पुन्हा मला बघवलं नसतं.

म्हणून या रविवारी घळीत शिरल्यावर मी कपाळावर हात मारला. "एव्हाल्ड, थर्मास चर्चमध्येच राहिला!" थर्मास माझ्याच पाठपिशवीत होता.

एव्हाल्ड पांढराफटक पडला. "म्हणजे बाणाच्या उलट जायचं?"

"चांगला स्टीलचा आहे. बघ बाबा."

कंजूषपणाने शिस्तीवर मात केली. समोरून येणाऱ्या प्रत्येकाची माफी मागत तो माघारी निघाला, मी त्याच्या मागे. घळीतल्या अरुंद साकवावर समोरून हार्टमुट आला.

"बाण तिकडे आहे," हार्टमुट म्हणाला. कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य!

"दिसतंय मला! ही थर्मास विसरली."

"गेर्लिंडे? विसरून आली?"

"आणि वर मला उलटं चालवतेय. रविवारचं. चारचौघांत."

"अरेरे, काय सोसतोस रे तू," हार्टमुट अगदी कळवळून म्हणाला. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला योग्य दिशेला वळवलं. मला कडेला सारून दोघे माझ्या बावळटपणाचा पाढा वाचत निघाले.

"शनिवारी येतो मी," हार्टमुट म्हणत होता. "आईला कळू दे, तुझ्या पदरात काय पडलंय ते."

"ये, ये. माझ्या शेजारीच बस. मी एकटा किती सांगणार?"

थर्मास दिसू नये म्हणून मी पाठपिशवीचा बंद आवळला आणि त्यांच्या मागून चालू लागले.