अक्रोडाचं घर

"जा गं उल्के, आता मागं वळून बघू नकोस. लेकराला मी सांभाळते. तू तिकडून नुसती नजर ठेव. कासवीला तरी कुठं दूध असतं?"

दारात टांगा उभा, आणि कडेवर नऊ महिन्यांची मंजिरी. तिला झुलवत झुलवत यमुनावन्सं ओवी म्हणत होत्या. टांगा वळणावर गेला तरी ती ऐकू येत होती:

*दूध नाही कासवीला, पाजते ती डोळ्यांनी गं*
*मधी वाहे कृष्णाबाई, बाळ नाही उपाशी गं*

हा आवाज एकोणसत्तर सालचा, मिरजेचा. उल्कानं तो समुद्रापार नेला आणि पंचवीस वर्षं उशाशी ठेवून झोपली. तिच्या धंद्यालाही तो बरा मानवला. ती भूल देणारी डॉक्टर. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसायचं, छातीच्या हलण्यावर डोळा ठेवायचा, नजर काढायची नाही. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तिनं हजारो माणसं अशी नजरेवर तोलून धरली. पण ज्या एका जीवासाठी ती ओवी होती, त्याच्या बाबतीत तिनं काय केलं होतं, ते आता या घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला होतं, तो तिचा नवरा शशिधर तीन वर्षांपूर्वी गेला.

गोष्ट तशी थोडक्यात सांगता येईल, आणि म्हणूनच ती सांगायला जड. नवराबायको दोघंही डॉक्टर. दोन वर्षांत मुलीला आणू म्हणून आले. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात घर मिळालं, मंजिरीचे कागदही आले. पण उल्काची परीक्षा राहिली होती. तिनं मिरजेला लिहिलं, 'अजून थोडे दिवस ठेवा.' परीक्षेत नापास झाली. पुन्हा लिहिलं. पुन्हा नापास. मंजिरी विमानातून उतरली ती साडेपाच वर्षांची होऊन. पुढचे तीन आठवडे ती 'आत्याकडं जायचं' म्हणत दाराशी बसून होती.

दहा वर्षांची झाल्यावर तिनं विचारलं, "मला आधी का नाही आणलं?" उल्का पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता बोलून गेली, "आत्या सोडत नव्हती ना तुला."

एवढंच. विधवा, मूलबाळ नसलेली नणंद. कुणालाही पटावं असं होतं. पोरीलाही पटलं. पुढं त्र्याऐंशी साली सगळे मिरजेला गेले, तेव्हा पंधरा वर्षांच्या मंजिरीनं भर पंगतीत आत्याला तोंडावर विचारलं, "तू मला अडकवून का ठेवलंस?" वन्संच्या हातात वरणाची पळी होती. त्यांनी एकदा उल्काकडं पाहिलं. उल्कानं मान खाली घातली. मग वन्सं म्हणाल्या, "चुकलंच माझं, बाळ," आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. त्यानंतर मंजिरी मिरजेला गेली नाही.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात ती ब्रिस्टलहून आली, बुटांचा खोका मांडीवर घेऊन. विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात नोकरी, केस आखूड कापलेले, मराठी शशिधरच्या वळणाची पण ठेचकाळणारी.

"आई, डोळे बंद कर. हात पुढे."

तळहातावर काहीतरी हललं. नखं इतकी बारीक की गुदगुल्याच व्हाव्यात. उल्कानं डोळे उघडले. पाठीवर घड्या पडलेलं, अक्रोडाएवढं कासवाचं पिल्लू.

"माझी लँडलेडी आहे ना, मिसेस प्रिचर्ड, तिच्या कासवानं अंडी दिली. सात महिन्यांची आहे ही. नाव अक्रोड."

"ही अक्रोड?"

"तो अक्रोड. व्हॉटेव्हर. आई, मी सहा आठवडे फ्रान्सला, तुलूझला जाते, कंपनीच्या कामासाठी. तू सांभाळशील? प्लीज? तुझ्याकडे असला की मला टेन्शन नाही."

उल्का हसली. एवढ्याशा जीवाला घेऊन एवढी मोठी बाई लहान मुलीसारखी उभी होती. पण टेबलावर नंदूचं पत्र उघडं पडलं होतं, शशिधरच्या चुलतभावाचं. 'यमुनाताई फार थकली. हृदय मोठं झालंय म्हणतात. कुणी आलं की मंजूचं विचारते.'

"मंजू, तुलूझनंतर तुला पंधरा दिवस सुट्टी आहे ना? मिरजेला जाऊन ये. आत्याचं काही खरं नाही आता."

मंजिरीचा चेहरा मिटला. "नाही, आई. आय अॅम सॉरी ती आजारी आहे. पण तिनं पाच वर्षं तुझ्याकडून माझी चोरी केली. तू इथे रोज रडत असशील. मी तिच्याबरोबर बसून चहा नाही पिऊ शकत."

हीच वेळ होती. शब्द ओठांशी आले. उल्का म्हणाली, "याला खायला काय देतात?"

मंजिरी गेल्यावर उल्कानं पिल्लाचं घर मांडायला घेतलं. सेवानिवृत्त होऊन वर्ष झालं होतं, हाताला काम हवंच होतं. चर्चच्या जुन्या बाजारातून माशांची काचेची टाकी आणली. तळाला बागेतली माती आणि वाळू, वर टेबल-लॅम्प बांधला, एका कोपऱ्यात पाण्याची बशी. टाकी ठेवली जेवणाच्या टेबलावर, मधोमध. चारही बाजूंनी काच. स्वयंपाक करताना दिसावं, पेपर वाचताना दिसावं, फोनवर बोलतानाही दिसावं. पिल्लानं कुठल्याही कोपऱ्यात जावं, नजर तिथं हजर. तिला वाटलं, याहून चांगलं घर ते कोणतं?

शशिधरचा पत्रं तोलायचा पितळी काटा होता. त्यावर रोज सकाळी अक्रोडाला ठेवून ती वजन घ्यायची आणि हॉस्पिटलातल्यासारखा तक्ता भरायची. पहिल्या दिवशी एकतीस ग्रॅम.

पिल्लू खाईना. कोबी दिला, काकडी दिली, एकदा तर देवापुढचा दूधभाताचा नैवेद्यही शितभर ठेवून पाहिला. ते त्याच्याकडं ढुंकूनही बघेना. दिवसभर काचेशी उभं राहून पुढच्या पायांनी काच खरवडायचं. खर्र, खर्र. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पुन्हा पहिल्यात. उल्का खुर्ची ओढून समोर बसायची. "खा रे बाबा, मी आहे इथं." ती जितकी जवळ बसे, तितकं ते जास्त खरवडे.

तीस. एकोणतीस.

रविवारी तुलूझहून फोन आला.

"आई, अक्रोड खातो का?"

"खातो की."

"वजन वाढलं?"

"वाढतंय."

"यू आर अ स्टार! मला माहीत होतं. तू बघतेस ना, मग झालं."

फोन ठेवला तरी उल्काचा हात त्याच्यावरच राहिला. एवढं कशाला खोटं बोललो आपण? कुणी रागावणार होतं का? पण जीभ सरावलेली. गाडीचं चाक कसं जुन्या चाकोरीत आपोआप उतरतं, तसं झालं.

आणि तिला आठवली ती निळी आंतरदेशीय... नव्हे, विमानाची पत्रं. वन्संची. दर महिन्याला पोरीला वाण्याच्या काट्यावर बसवून वजन करायच्या आणि लिहायच्या. 'वाणी म्हणतो, गूळ नको, हीच दे.' डांग्या खोकल्याच्या वेळी लिहिलं होतं, 'दीड शेर उतरली गं. तुला कळवू नये असं सगळे म्हणतात. पण आई तू आहेस. तुला नाही सांगायचं तर कुणाला?' दूर बसलेल्या आईला वन्संनी कधी एक गुंजेचंही खोटं लिहिलं नव्हतं.

अठ्ठावीस झाले त्या दिवशी उल्कानं ब्रिस्टलला मिसेस प्रिचर्डना फोन लावला. म्हातारीचा आवाज खरखरीत, पण मायाळू.

"कशात ठेवलंय?"

"काचेच्या टाकीत."

"अरे देवा. डॉक्टर ना तुम्ही? त्याला पलीकडचं दिसतं आणि जाता येत नाही. चालून चालून मरेल ते. लपायला काही दिलंय?"

"लपायला? मग मला दिसणार कसं?"

"नाहीच दिसायला पाहिजे! इतका बारका जीव, त्याला सगळं जग म्हणजे कावळा. तुम्ही समोर बसता का हो?"

"दिवसभर."

पलीकडं म्हातारी हसली, मग तिलाच वाईट वाटलं असावं. "मनावर घेऊ नका. पण त्याच्या लेखी तुम्ही एक मोठ्ठा कावळा आहात."

उल्कानं आपली खुर्ची टाकीपासून थोडी मागं सरकवली. मग तिनं विचारलं, आणि विचारताना आपलं वय तिलाच ऐकू आलं, "पण त्याची आई... ती नजर ठेवून असतेच ना पिल्लांवर?"

"आई?" मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "ती खड्डा करते, अंडी पुरते, माती लोटते आणि चालू लागते. पुन्हा फिरकत नाही. माझ्या डोरिसला तर पिल्लं झाल्याचा पत्ताही नाही. झुडपाखाली खणताना मला सापडली म्हणून जगली."

फोन ठेवून उल्का टेबलाशी बसली. लॅम्प जळत होता. पिल्लू काच खरवडत होतं. इतकी वर्षं ज्या धाग्याला धरून ती उभी होती, त्याचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. पोर वाढली होती ती कुणाच्या नजरेवर नव्हे. ती वाढली होती वाण्याच्या काट्यापर्यंत तिला कडेवर नेणाऱ्या हातांवर.

मग ती उठली. वर जाऊन शशिधरच्या कपाटाचा सगळ्यात खालचा, खोल लाकडी खण ओढून काढला. त्यातले स्वेटर पलंगावर ठेवले. खण खाली आणताना दोनदा जिन्यात टेकावा लागला. मिसेस प्रिचर्डनी सांगितलं तसं एकेक केलं. निम्मी माती, निम्मी वाळू, बोटभर खोल, जरा ओलसर. एका टोकाला दिव्याखाली छपराच्या कौलाचा सपाट तुकडा, ऊन खायला. दुसरं टोक गार, आणि तिथं मातीची छोटी कुंडी आडवी करून अर्धी पुरली. प्राण्यांच्या दुकानातून उन्हाची उणीव भरून काढणारा एक खास नळीचा दिवा आणि कवच टणक व्हावं म्हणून समुद्रफेस आणला. स्टीलच्या ताटलीत नखभर कोमट पाणी ओतून पिल्लाला रोज सकाळी त्यात बसवायचं. कोबी बंद, काकडी बंद. मागच्या हिरवळीवर डँडेलियनचं रान माजलं होतं, शशिधर ज्याला शिव्या देत उपटायचा, तीच पानं.

खण तिनं खिडकीजवळच्या बाकावर ठेवला आणि आपली खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत नेली.

अक्रोड कुंडीत शिरला तो आंघोळीपुरता उचलला तरच दिसे. तीन दिवस असे. तिला राहवेना. दारापर्यंत जायची, उंबऱ्याशी थांबायची, परत यायची. चौथ्या दिवशी पानाला अर्धचंद्रासारखा चावा दिसला. तिनं ते पान उजेडात धरून पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले.

एकोणतीस. एकतीस. चौतीस.

मेच्या शेवटी मंजिरी आली, उन्हानं रापलेली, बॅगेत आईसाठी फ्रेंच साबण.

"वॉव! हे तू केलंस? बाबांचा ड्रॉवर!" ती खणावर वाकली. "पण तो कुठे आहे?"

"आत असेल. तो येईल तेव्हा येईल."

मंजिरीनं बाकावरचा तक्ता उचलला. वाचता वाचता भुवया वर गेल्या. "थांब. अठ्ठावीस? अठ्ठावीस झाला होता? आई, तू फोनवर सांगितलं, वाढतो म्हणून."

"हो."

"म्हणजे?"

"खोटं बोलले."

"का?" ती रागावली नव्हती, चकित झाली होती. "मी काय म्हणाले असते? तो मेला असता तरी मी काय म्हणाले असते तुला? सिली आहेस तू." मग तिनं तक्ता ठेवला आणि सहज म्हणाली, "बरं, मी शनिवारी कॉर्नवॉलला जाते. फ्रेंड्सबरोबर."

"नंदूकाकाचा फोन होता काल. आत्याला हॉस्पिटलमधून घरी आणलंय. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून."

"आई, प्लीज. त्या बाईचं नको. तिनं काय केलं ते तूच मला सांगितलं."

"बैस," उल्का म्हणाली.

"काय झालं?"

"बैस, मंजू. मधे बोलू नकोस. मधे बोललीस तर मी पुन्हा थांबेन."

मंजिरी बसली. उल्का उभीच राहिली, परीक्षकांपुढं उभी राहायची तशी, हात साडीच्या निऱ्यांवर घट्ट.

"तुझे कागद एकाहत्तर सालीच आले होते. तू तेव्हा पुरती तीन वर्षांचीसुद्धा नव्हतीस. घर होतं, तुझी खोलीसुद्धा होती. मला परीक्षा द्यायची होती, आणि तू आलीस तर ती होणार नाही, असं मला वाटलं. आत्यानं तुझी बॅग दोनदा भरली, मंजू. दोनदा तुला नवा फ्रॉक घालून, मुंबईचं तिकीट काढून तयार बसली. आणि दोन्ही वेळा माझं पत्र गेलं. तिनं तुला अडवलं नाही. 'पोर आईला विसरेल, लवकर ने,' असं तिनंच मला लिहिलं होतं. तुला आणलं नाही, ते मी."