खालची पट्टी

मी दात बनवते. पूर्ण कवळ्या, खुंटावर बसवायच्या टोप्या, एखादा पुढचा पडलेला दात, जे येईल ते. पडलेला दात पुन्हा उगवत नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्याच्या जागी दुसरा बसतो, चावता येतं, फोटोत हसता येतं, आणि माणसानं तेवढ्यावर समाधान मानावं. त्यामुळे गेलेला आवाज परत येणार आहे, देवानं तसं सांगितलंय, असं वहिनी म्हणाली तेव्हा मला तोंड आवरता आलं नाही. तसं ते मला कधीच आवरत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आम्ही तिघं एकाच घरात राहतो. चर्चच्या गायकवृंदात ती पहिल्या ओळीत मधोमध उभी राहते आणि मी ऑर्गन वाजवते. तिच्या गळ्यात गाठ झाली. गाठ काढली, पण आवाजाची नस तिला अशी चिकटलेली होती की तीही गेली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "कुजबुजल्यासारखं बोलता येईल. पुढेमागे आवाज आलाच तर जाडाभरडा, खालचा येईल. गाणं मात्र विसरा."

घरी आल्यावर वहिनी कुजबुजली, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी प्रार्थनेला बसले होते. देवानं मला शब्द दिलाय. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी मी गाणार आहे."

"कुठल्या साली?" मी विचारलं.

"साल नाही सांगितलं."

"तारीख नसलेली ऑर्डर आम्ही लॅबमध्ये घेत नाही."

दादानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. वहिनी मात्र हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

तेव्हापासून ती रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून सराव करते. नळ बंद झाला की आत सायकलला हवा भरल्यासारखं ऐकू येतं. दर शनिवारी तालमीला यायचं, निळा झगा घालून आपल्या जागी उभं राहायचं, वही धरायची, श्वास घ्यायचा, तोंड उघडायचं आणि शब्दन् शब्द म्हणायचा, हे तिनं एकदाही चुकवलं नाही. बाहेर मात्र काहीच पडायचं नाही. असे दोन पुनरुत्थानाचे रविवार कोरडे गेले. पाळकसाहेबांनी एकदा समजूत काढली, "कदाचित देवाला स्वर्गातली सकाळ म्हणायची असेल."

"स्वर्गात तर सगळेच गातील, साहेब," वहिनी म्हणाली. "त्याला वचन कशाला लागतं?"

तिसऱ्या वर्षी आमच्या मास्तरांचा धीर सुटला. मास्तर म्हणजे गायकवृंदाचे प्रमुख. हात छान हलवतात, पण नजर वहीतून वर येत नाही. सणाच्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते. पहिल्या ओळीत एक बाई मासोळीसारखी नुसती तोंड उघडते-मिटते, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? माझ्याकडे बोट दाखवायला त्यांना वेळ लागला नाही. मीही होकार दिला, कारण मला ते मनापासून पटलं होतं. दरवर्षी त्या सकाळनंतर ती जेवणाच्या टेबलाशी गप्प बसायची, आणि ते मला बघवत नसे.

मी तिला स्वयंपाकघरातच सांगितलं. "वहिनी, या वेळी दादाशेजारी बाकावर बस."

तिनं हातातलं ताट पुसून ठेवलं. "आणि त्याच सकाळी आवाज आला तर? मी बाकावर कशी गाणार, ताई? मी जागेवर नको का?"

"येणार नाही गं आवाज," मी म्हटलं.

ती वाद घालत बसली नाही. झग्याची नीट घडी करून तिनं तो माझ्या पलंगावर आणून ठेवला. शनिवारी मी एकटीच तालमीला गेले.

त्या दिवशी गाण्याचा चुथडा झाला. मधलं कडवं लांबलचक ओळींचं आहे. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तरच ते तोलतं. इथे एकजण शब्दाच्या मध्येच थांबला, दुसरी पुढे पळाली, आणि जाड आवाजवाले मागे हेलपाटत आले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मास्तर म्हणाले, ऑर्गन घाई करतोय. नाचता येईना अंगण वाकडं! मी तोंड उघडणार होते, पण माझेच हात नेमके कुठे पडावेत ते मला कळत नव्हतं.

ऑर्गनच्या वर एक आरसा आहे. माझी पाठ गाणाऱ्यांकडे असते, त्यामुळे ते मला आरशातच दिसतात. मी वर पाहिलं तर सगळ्यांची नजर पहिल्या ओळीतल्या रिकाम्या जागेकडे. कुणी मुद्दाम बघत नव्हतं, सवयीनं वळत होती. मीही तिथंच बघत होते. वहिनीचे खांदे वर गेले की आम्ही श्वास घ्यायचो, खाली आले की सूर लावायचो. इतकी वर्षं मास्तरांचे हात हवेत हलत होते आणि आम्ही तिच्या खांद्यांवर चालत होतो. आवाज गेला तरी श्वास घेण्यात ती एकदाही चुकली नव्हती.

मी तशीच घरी गेले आणि झगा तिच्या हातात दिला. "चल. तुझ्यावाचून सगळे उघडे पडलेत."

"मास्तर काय म्हणाले?"

"मास्तरांना मी बघून घेते."

रविवारी सकाळी चर्च भरलं होतं. वहिनी मधोमध उभी राहिली. तिचे खांदे वर गेले, आणि सगळ्या वृंदानं एका माणसासारखा श्वास घेतला. ते कडवं आम्ही इतकं चांगलं कधीच गायलो नव्हतो. मला रडू आलं, आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे डोळे पुसता येईनात. आरशात तिचं तोंड शब्दन् शब्द म्हणत होतं. आवाज आला नाही.

बाहेर पडल्यावर मास्तरांनी तिचे हात धरले. "देवानं शब्द पाळला, बाई! आज आम्हा सगळ्यांच्या तोंडून तुम्हीच गायलात." पाळकसाहेबांनी मान डोलावली. मला तर ते इतकं आवडलं की घरी येऊन टेबलाशी मी तेच दादाला रंगवून सांगितलं.

वहिनीनं चमचा खाली ठेवला.

"नाही, ताई. हे ते नव्हे. लोक चांगले गायले, मला फार आनंद झाला. पण मी नाही गायले."

"अगं, पण एका अर्थानं..."

"अर्थबिर्थ काही नको. तुम्ही ही कवळी बसवताय. मला माझा दात हवाय." ती दमली, थांबली, पुन्हा कुजबुजली, "त्यानं शब्द दिलाय. तुम्ही सगळे मिळून त्याला पळवाट काढून देऊ नका."

दादा उठून पाणी घेऊन आला.

पुढच्या शनिवारी तालमीच्या आधी मी चर्चमध्ये एकटी बसले होते. पुढच्या वर्षीचं गाणं मास्तरांनी आधीच काढून दिलं होतं. मी त्याची पट्टी उतरवायला घेतली. एक स्वर खाली, मग आणखी एक. मास्तर आत आले आणि कान देऊन ऐकत उभे राहिले.

"एवढं खाली? आपल्याकडे इतक्या खालच्या पट्टीत गाणारी बाई आहे कोण?"

"आहे एक," मी म्हटलं. "तिचा आवाज यायचाय अजून."