एकशे सदतिसावा

ताईने सहाव्या गठ्ठ्याची नाडी सोडली आणि त्यातले पंचवीस चौकोन टेबलावर क्रमांकाने मांडले; एक गठ्ठा म्हणजे एक ओळ. पहिले पाच गठ्ठेही तिने असेच मांडून, सामन्यांच्या वहीशी ताडून मगच मशीनखाली घातले होते. ताडपत्र्या आणि तंबू शिवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. एक तुकडा चुकला की पुढची सगळी ओळ सरकते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रत्येक चौकोन हातभर लांबरुंद, पांढऱ्या कापडाचा. त्यावर सामन्याचा क्रमांक, तारीख, समोरचा संघ आणि गोल. असे पाचशे, शेवटच्यावर फक्त गोलांची जागा कोरी. रविवारी म्हातारा आपला पाचशेवा सामना खेळणार होता. म्हातारा म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबचा अडतीस वर्षांचा बचावपटू. केस अजून काळे होते, पण सतरा वर्षं एकाच क्लबात काढल्यावर लोक माणसाला दुसरं काय म्हणणार. चाहत्यांच्या मंडळाने घरोघरी चौकोन वाटून रंगवून घेतले होते आणि सामन्याआधी प्रेक्षकांच्या डोक्यांवर पसरायचं एकच मोठं कापड जोडायला ताईकडे आणून टाकले होते.

एकशे सदतिसाव्या चौकोनापाशी तिचा हात थांबला. तारीख मागची होती, मोसम सुरू व्हायच्या आधीची. समोरचा संघ पाहिला तेव्हा तिला उलगडा झाला. तो मैत्रीचा सामना होता, जो कुणी मोजत नाही. तिथे कुठली तारीख हवी होती, हे तिला वहीत पाहावं लागलं नाही.

बारा वर्षांपूर्वी त्या तारखेला म्हाताऱ्याने एका एकोणीस वर्षांच्या खेळाडूचा गुडघा मोडला होता. तो ताईचा धाकटा भाऊ. इथल्या क्लबाने घेतलं नाही म्हणून समोरच्या संघात गेलेला. ताई नेहमीप्रमाणे आपल्या लोकांत उभी होती. म्हातारा घसरत आला, चेंडू सुटला, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही ‘वा’ म्हणून ओरडली होती. खाली कोण पडलंय, ते नंतर दिसलं.

तिने मशीनचं बटण बंद केलं आणि भोंग्याला फोन लावला.

भोंगा मंडळाचा म्होरक्या. सामन्याला घोषणा तोच द्यायचा, आणि दुकानात दोघंच असली तरी त्याचा आवाज मैदानाइतकाच असायचा. आज मात्र तो दारातच हळू बोलला.

“कळलं तुला.”

“न कळायला मी डोळे मिटून शिवते का?”

“मुद्दाम केलं, ताई. तुझ्या हातून तो चौकोन शिवून घ्यायचा म्हणजे बरं दिसत नाही.”

“मला बरं दिसावं म्हणून, की त्याला?”

भोंग्याने स्टूल ओढलं, पण बसला नाही. “दोघांना. एवढ्या वर्षांनी आनंदाचा दिवस आलाय. कोळसा उगाळावा तितका काळाच.”

“उगाळत नाहीये मी. मोजतेय.”

“क्लब बुडत होता तेव्हा सगळे पळाले, हा एकटा थांबला. ते विसरलीस?”

“थांबला ना. त्या मोसमाचे तीस चौकोन पुढच्या गठ्ठ्यांत आहेत, तेही मीच शिवणार. पण चारशे नव्व्याण्णव शिवून पाचशे म्हणायला मला जमणार नाही.”

“मंडळाने ठरवलंय.”

“मग मंडळाला बसव मशीनवर.”

तेवढ्यात धाकटा आला. पलीकडच्या गल्लीत त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं आणि चारचा चहा तो इथेच घ्यायचा. उजवा पाय न वाकवता तो उंबरा ओलांडून आत आला आणि दोघांचे चेहरे पाहून थबकला.

“कोण गेलं?”

“कुणी नाही,” भोंगा म्हणाला.

धाकट्याने टेबलावर नजर टाकली. “ही अक्षरं कुणाची? कोंबडी नाचवली का कापडावर? गावात एक पेंटर आहे, त्याला एक चौकोन द्यावासा वाटला नाही तुम्हाला?”

भोंग्याने मान खाली घातली. धाकटा ओळीवरून बोट फिरवत गेला, आणि ताईचा हात जिथे थांबला होता तिथेच त्याचं बोट थांबलं.

“तुला नको असेल तर राहू दे,” ताई म्हणाली. हे आपण आधी विचारायला हवं होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“त्याचे पाचशे आहेत,” धाकटा म्हणाला. “त्यातला एक गेला तर चारशे नव्व्याण्णव उरतात. माझा तो एकच आहे.”

भोंगा स्टुलावर बसला.

धाकट्याने चहा घेतला नाही. कोरा चौकोन मागून तो आपल्या दुकानात गेला आणि तासाभराने परत आला. क्रमांक, तारीख, संघ, गोल. इतरांवर होतं तेवढंच, एक अक्षर जास्त नाही. फक्त वळण सुरेख होतं. ताईने मैत्रीचा सामना बाजूला ठेवला आणि मशीन सुरू केलं.

रविवारी धाकटा बारा वर्षांनी मैदानात आला, ताईबरोबर, आपल्याच लोकांत. सामन्याआधी कापड डोक्यांवरून सरकत वर गेलं. चारी कोपऱ्यांना बांबू होते, कडांना दोर. भोंग्याने आधीच बजावलं होतं, मधल्यांनी हात खाली ठेवायचे, कापड सपाट दिसलं पाहिजे. म्हातारा मैदानातून कापडासमोर येऊन उभा राहणार होता.

खाली दुधी उजेड पडला. अक्षरं बाहेरच्या बाजूला होती. खालून नुसत्या शिवणी दिसत होत्या. धाकटा सहाव्या ओळीखाली जागा धरून उभा होता.

“डावीकडून बारावा ना?” ताईने विचारलं.

“बाहेरून बारावा. खालून उलटं, म्हणजे चौदावा.”

बाहेर ढोल वाजत होता. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा आला असणार. धाकट्याने दोन पावलं बाजूला टाकली, एक चौकोन नीट पाहून घेतला आणि पंजा उघडून त्याला खालून टेकवला. कापड तेवढ्याच जागी वर उचललं गेलं.

“मधला हात खाली!” भोंग्याचा आवाज आला.

हात तसाच राहिला. आता टाळ्या तुटक येऊ लागल्या होत्या. भोंगा बाहेर उभा होता, आणि कुठला चौकोन वर आलाय हे त्याला वाचता येत होतं. तो दुसऱ्यांदा ओरडला नाही. ढोलही थांबला.

ताईने पिशवी पायांशी ठेवली आणि भावाच्या हाताशेजारी आपला हात लावला.