होनोरातोची तहान

इल्यापानं विहिरीवरचं विणलेलं कापड एका झटक्यात ओढलं आणि आल्तो तुनालची अख्खी वस्ती पुढे रेटली गेली. पाणी! काल जिथं बादली खडखडत तळावर आपटत होती, तिथं आज पुरुषभर पाणी मावळतीच्या उजेडात हलत होतं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बायका रडायला लागल्या. कुणीतरी फटाकाही उडवला.

"बघताय काय, गुडघे टेका!" इल्यापा गरजला. "मी हिला आपल्या केचुआ बोलीत हाक मारली, लॅटिनमध्ये मारली, उपग्रहाच्या भाषेत मारली! धरणीमाता सगळ्यांचं ऐकत नाही. ज्याचं कनेक्शन आहे त्याचंच ऐकते!"

जुन्या वीजदेवाचं नाव लावून फिरणारा हा गृहस्थ. डोक्यावर पिसं, मनगटावर जाडजूड सोनेरी घड्याळ. दोन महिन्यांपूर्वी विहीर आटली आणि आठवड्याच्या आत स्वारी टेकडी चढून हजर झाली, तीही न बोलावता. याला पत्ता कुणी दिला, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. घसा कोरडा पडला की अक्कल उशिरा येते, दुसरं काय!

मग त्याचा आवाज खाली उतरला, आणि गरजण्यापेक्षा तो खालचा आवाजच जास्त भयंकर होता. "उद्या हे पाणी परत जाणार. खाली एक मेलेला बसलाय. तोच पितोय."

सगळ्या माना बासिलियाकडे वळल्या.

कोचाबांबा शहराच्या या दक्षिण टोकाला नळ कधी आलाच नव्हता. लोकांनी रविवार-रविवार खपून ही विहीर स्वतःच्या हातांनी खणली होती. खणताना कड ढासळली आणि एक माणूस गाडला गेला. तो बासिलियाचा नवरा, होनोरातो.

"बायको इथं आहे तोवर तो उठायचा नाही," इल्यापा म्हणाला. "तिनं टेकडी सोडावी. आणि विहीर परक्या हातांत जावी. मेलेला परक्याला ओळखत नाही."

परके हात तयारच होते. इस्त्रीच्या शर्टातले इंजिनियर सालास गर्दीतून पुढे आले. पाणी कंपनी मोठी गुंतवणूक करणार, पाइप टाकणार, मीटर बसवणार, म्हणाले. त्या बदल्यात विहीर चाळीस वर्षं कंपनीकडे. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सभा घ्या, हात वर करा. संपला विषय."

आणि खरंच, शनिवारी दुपारी बादली पुन्हा तळाशी खरडायला लागली.

बासिलिया चिचा, म्हणजे मक्याची दारू, गाळून विकायची. त्या शनिवारपासून तिच्या दारात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणजे तिची कोमाद्रे तोमासा, जिच्याशी तिचं बहिणीसारखं होतं, ती तेवढी आली.

"राग मानू नकोस कोमाद्रे," तोमासा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पण पोरं तहानेली आहेत गं. तू चार दिवस भावाकडे गेलीस तर काय बिघडतं?"

"चार दिवस की कायमची?"

तोमासानं पाठ फिरवली.

सगळ्यात वाईट म्हणजे बासिलियालाही ते अर्धंमुर्धं पटलं होतं. रोज सकाळी ती कठड्यावरून वाकायची आणि अंधाराला विनवायची, "पी रे बाबा, पण थोडं कमी पी. मला हाकलायला निघालेत हे लोक." खालून ओल्या मातीचा वास यायचा आणि ती मागे सरायची.

ऑगस्टच्या शेवटी वारा सुटला. विजेचा खांब आडवा झाला आणि एक दिवस, एक रात्र सगळी टेकडी विजेविना राहिली. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बासिलियानं दोर सोडला तर बादली डुबुककन बुडाली! ना धूप, ना मंत्र, ना पिसं. ती तशीच धावत शाळेत गेली, निएवेसबाईंच्या वर्गात घुसली.

"बाई, त्यानं मला माफ केलं! पाणी सोडलं!"

"बसा आधी, मावशी. दम घ्या." निएवेसबाईंनी खडू ठेवला. "काल टेकडीवर काय काय बंद होतं?"

"वीजच नव्हती म्हटल्यावर सगळंच."

"विहिरीवरची आपली मोटर?"

"ती तर विहीर आटल्यापासून बंदच आहे."

"मग दुसऱ्या कुणाची बंद पडली?"

एव्हाना वीज परत आली होती. दोघी टेकडीच्या माथ्यावर गेल्या. तिथं कंपनीनं 'परीक्षण केंद्र' अशी पाटी लावून उंच भिंत घातली होती. भिंतीआडून घरघर ऐकू येत होती. मागच्या ओहोळात उन्हाळ्यात-हिवाळ्यात धूळ असायची, तिथं आता हिरवंगार गवत माजलं होतं आणि बेडूक ओरडत होते. भिंतीतून निघालेल्या जाड पाइपातून पाणी धो धो वाहून चाललं होतं.

बासिलियानं त्या पाण्यात हात घालून पाहिला. आधी रडली आणि मग तिनं अशा शिव्या घातल्या की बाईंनी कानावर हात ठेवले.

"घागर एकच, पिणारे दोन," निएवेसबाई म्हणाल्या. "ज्याची नळी खोल, तो दुसऱ्याला कोरडं ठेवतो. हे यंत्र थांबलं की आपली विहीर हळूहळू भरते."

"मग त्या शुक्रवारी एकदम कशी भरली?"

"एकदम नाही हो! पहिल्या शुक्रवारी आपण जमिनीला मान देतो. पहाटे विहीर झाकतो आणि संध्याकाळी नैवेद्य जळेपर्यंत दोर सोडत नाही. कंपनीवाल्यांनी पहाटेच यंत्र बंद केलं असणार. दिवसभर पाणी कापडाखाली चढलं आणि संध्याकाळी इल्यापानं कापड ओढलं. आपल्याच रिवाजाचा त्यांनी पडदा केला."

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार उजाडला. लोकांनी कापड पसरलं आणि बासिलियानं ते सगळ्यांदेखत ओढून काढलं.

"पापीण! अगं, हात कसा धजावला तुझा?" तोमासा किंचाळली.

"माझ्या मेलेल्या नवऱ्यावर चोरीचा आळ घेताना तुमची जीभ नाही अडखळली? बसा आणि बघा!"

शिव्या देत का होईना, बसले सगळे. डोळ्यांदेखत पाणी वीत-वीत चढत गेलं. दुपारी इल्यापा सालासबरोबर कंपनीच्या जीपमधून उतरला, उघडी विहीर बघून क्षणभर पांढरा पडला आणि लगेच सावरला. "मी वाटेतूनच हाक मारली होती!"

आणि निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! कपाळ बडवावं तेवढं थोडं.

"छान," निएवेसबाई म्हणाल्या. "मग आता धरून ठेवा ते. माथ्यावर कंपनीचं यंत्र सुरू होतंय, तेही हेच पाणी ओढतं." त्यांनी लाल रुमाल हलवला. माथ्यावर चार बायका थांबल्या होत्या. तिथला रखवालदार बासिलियाचं जुनं गिऱ्हाईक. त्यानंच फाटक उघडलं होतं, त्यानंच बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

इल्यापानं केचुआत हाक मारली. पाणी उतरलं. लॅटिनमध्ये मारली. आणखी उतरलं. उपग्रहाच्या भाषेपर्यंत पोचला तेव्हा त्याचा गळा बसला होता आणि ऊन कलून गेलं होतं. एक म्हातारा खुदकन हसला आणि मग सगळी वस्ती हसली. तेवढ्यात बादली दगडावर खणकन आपटली आणि ते हसू जागच्या जागी विझलं. त्या गडबडीत इल्यापा जीपमध्ये जाऊन बसला.

सालासना मात्र घाम फुटला नव्हता. "यंत्राला परवाना आहे," कराराचे कागद शांतपणे गुंडाळत ते म्हणाले. "बाबा फक्त घाई होती म्हणून आणला. सोमवारी फाटक मोकळं करायला पोलिस घेऊन येतो. जमिनीखाली भिंती नसतात, पाणी तुमचं-आमचं एकच, हे तुमच्या बाईंनीच सिद्ध केलं."

जीप निघून गेली.

"कंपनी आली म्हणून बिघडत नाही," निएवेसबाई म्हणाल्या. "पाइप हवेतच आपल्याला. पण दर काय, पाणी कुठलं, मालक कोण, हे दिवसाउजेडी विचारून घेऊ. सोमवारी तेच विचारायचं."

तोमासा बासिलियाच्या पाया पडायला वाकली. बासिलियानं तिला दंड धरून उभी केली.

"पाया पडू नकोस. मीसुद्धा मूर्खच. महिनाभर त्या बिचाऱ्याला कमी पी म्हणून विनवत होते आणि जिवंत चोर माझ्या डोक्यावर घरघरत होता. मेलेल्याला तहान नसते गं! पाणी आटलं, गुरं मेली, पोर आजारी पडलं, काहीही झालं तरी आधी विचारायचं, हे कशानं झालं? त्यात कुणाचा फायदा? ते कळेपर्यंत कुठल्या विधवेकडे बोट दाखवायचं नाही." तिनं तोमासाचा दंड सोडला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी कुठंही जाणार नाही. आणि मला हाकलायला ज्यांनी हात वर केले असते, त्यांनी सोमवारी माझ्याबरोबर त्या फाटकाशी बसायचं."

तिनं नावं घेतली नाहीत. तोमासानं शाल डोक्यावर ओढली आणि सोमवारी किती वाजता यायचं ते विचारलं.