दुखवट्याची घंटा

आमच्या कॉलेजच्या मोठ्या हॉलचं दार दिवाळीनंतर चौकटीला घासायला लागलं. गुंडू शिपायानं रंधा आणून ते तासलं. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा घासायला लागलं. त्यानं पुन्हा तासलं. तिसऱ्यांदा तो रंधा घेऊन आला, तेव्हा आमचे प्राचार्य चौगुले सर तिथं उभे होते. ते दाराकडं नाही, वर बघत होते. मीही वर बघितलं. दार फुगलेलं नव्हतं. वरचा बीम खाली येत होता.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कॉलेज कसबा बावड्याच्या अलीकडं, उसाच्या रानाला लागून. मी तिथं भूगोल शिकवायचे. हॉल दुसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर गच्चीत संस्थेनं सिमेंटची मोठी टाकी बांधली होती. टाकी बांधायचं विश्वस्त मंडळानं ठरवलं, जागा मंडळानं ठरवली, कंत्राट अध्यक्षांच्या जावयाला मिळालं. प्राचार्यांना विचारायची आमच्याकडं पद्धतच नव्हती. मंडळाच्या बैठकीत ते बसायचे, पण मत द्यायला नव्हे. विचारलं तर बोलायचं, आणि विचारत कुणी नव्हतं.

तरी पुढच्या बैठकीत चौगुले सर बोलले. वर्धमान चौगुले म्हणजे फार मवाळ माणूस. चहा अंगावर सांडला तरी सांडणाऱ्याची माफी मागतील असा. त्या बैठकीला प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मी कोपऱ्यात बसले होते. सर उभे राहून म्हणाले, "साहेब, हॉलचा बीम वाकलाय. टाकी रिकामी करून इंजिनिअरला दाखवू या. तोवर मी हॉल बंद ठेवतो."

"बंद?" अध्यक्ष हंबीरराव म्हणाले. "कुणाला इचारून?"

हंबीररावांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा, आणि तो उतरला की मंडळातले धट्टेकट्टे बागायतदार आपापल्या चपलांकडं बघायला लागायचे.

"सर, इमारत आमची, पोरं तुमची. तुमी पोरांचं बघा की."

खजिनदार प्रभुलिंग शेटे हसले. "पुढच्या महिन्यात सायबांच्या साठीचा सत्कार त्याच हॉलात हाय, आन् हे बंद करायला निघाल्यात." सगळे हसले. सर खाली बसले. खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा गप्पच होते. पगार संस्थेचा, बदलीची गावं संस्थेची. दोन लेकरं घेऊन मी कुठं जाणार होते?

त्यानंतर हॉलमध्ये जायची वेळ आली की मी आधी दारातून वर बघून घ्यायचे.

आठवड्याभरात पहिल्या वर्षाची चाचणी लागली. सगळ्या तुकड्या हॉलमध्ये, पर्यवेक्षणाला मी. पेपर निम्मा झाला असेल, वरून ऊस मोडल्यासारखा आवाज आला. गडमुडशिंगीहून येणारी आदिती म्हणून एक मुलगी होती, तिच्या पेपरावर गिलाव्याचा तुकडा पडला. तिनं तो फुंकरून उडवला आणि पुढं लिहायला लागली. तिचं ते खाली वाकलेलं डोकं मला अजून दिसतं. मी दाराशी जाऊन गुंडूकरवी सरांना बोलावणं धाडलं.

सर आले, वर बघितलं. बीमला बोट जाईल एवढी भेग पडली होती.

"पळा म्हणून सांगू?" मी कुजबुजले.

"नको," सर म्हणाले. आदल्या वर्षी कुणीतरी 'साप' म्हणून ओरडलं होतं, आणि त्या एकमेव अरुंद जिन्यात पोरं एकमेकांवर पडून एका मुलीचा हात मोडला होता. आता तर भरलेला हॉल होता, आणि एवढे पाय एकदम धावले असते तर त्या हादऱ्यानं वरच्या बीमचं काय झालं असतं, देव जाणे.

सर क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग गुंडूला म्हणाले, "दुखवट्याची घंटा द्या."

आमच्या संस्थेत विश्वस्तांपैकी कुणी वारलं की घंटा न थांबता वाजायची. पोरांनी हातातलं ठेवून, न बोलता, मान खाली घालून मैदानात जायचं, उभं राहायचं आणि घरी जायचं. त्या घंटेला कुणी पळत नसे.

गुंडू सरांच्या तोंडाकडं बघत राहिला. "कोण गेलं म्हणून सांगू?"

"काही सांगू नका. वाजवा."

घंटा सुरू झाली. पोरं उठली, बाकांमधून एकामागं एक निघाली. किती हळू चालली होती ती. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात चला, चला म्हणत होते आणि वर बघायची हिंमत होत नव्हती. शेवटची मुलगी जिना उतरली तेव्हाच मी दार सोडलं.

आता दुसरी भीती. हंबीरराव नुकतेच छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात राहून आले होते. त्यामुळं कोण गेलं, हे गावानं आपलं आपणच ठरवलं. प्रभुलिंग शेटे हार घेऊन त्यांच्या बंगल्यावर पोचले, तेव्हा साहेब व्हरांड्यात चहा पीत होते.

तासाभरात जीप आली. मागं सगळं मंडळ, काहींच्या हातात अजून हार. हंबीरराव कुणाशी न बोलता जिना चढले. सर आणि मी वर उभे होतो.

"मला मारलंसा व्हय, सर?"

"साहेब, पोरं काढायची होती. दुसरं सुचलं नाही."

"काय झालंय हॉलाला? बघू. चला आत. बाई, तुमीबी या." आम्ही आत गेलो. ते बीमखालीच एका बाकावर बसले. मग दाराबाहेर थांबलेल्या मंडळींना म्हणाले, "या की आत."

सगळे जागच्या जागी उभे. प्रभुलिंग म्हणाले, "आमी हितंच बरं हाय, सायेब."

हंबीररावांचा चेहरा लाल झाला. ते उठले, दार धाडकन लावलं आणि सरांकडं वळले. "आता बोला."

वरून पुन्हा तो ऊस मोडल्याचा आवाज आला आणि माती खाली सांडली. हंबीररावांनी वर बघितलं. त्यांना ती भेग दिसली. ते मागं सरले, दाराची कडी धरून ओढली. दार हललं नाही. चौकटीत गच्च बसलं होतं.

"प्रभुलिंग! ढकला जरा!"

बाहेर पावलं वाजली. जिन्यावरून खाली जाणारी.

साहेबांनी एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. मी भिंतीला चिकटून उभी होते, माझ्या लेकरांची नावं मनात घेत. मग सर पुढं झाले, म्हणाले, "साहेब, तुम्ही खालून धरा." तिघांनी मिळून ते दार ओढलं. कडी हातात आली, मग फळीच्या सांदीत बोटं घातली, माझी नखं मोडली. शेवटी दार करकरत अर्धं उघडलं आणि आम्ही अंग चोरून बाहेर पडलो.

खाली मैदानात मंडळ हार घेऊन उभं होतं. हंबीरराव त्यांच्याकडं न बघता जीपमध्ये बसले.

पुढच्या बैठकीत टाकी पाडायचा ठराव झाला. त्याच बैठकीत खोटी घंटा दिली म्हणून चौगुले सरांची बदली वारणेकडच्या एका लहान कॉलेजात झाली. दोन्ही ठराव एकमतानं. हंबीररावांनीही हात वर केला.

सरांच्या निरोप समारंभाला हंबीरराव आले. खालच्या मजल्यावर व्यासपीठ मांडलं होतं, मधली खुर्ची नेहमीसारखी त्यांची होती. ते तिकडं गेले नाहीत. दाराजवळची खुर्ची ओढून बसले. बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता म्हणून प्रभुलिंग दार लावायला उठले.

"र्‍हाऊ दे उघडं," हंबीरराव म्हणाले. त्यांचा हात चौकटीवर होता, आणि भाषणं संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.